लहरीला किती गुण?

'हलकाफुलका आहे, पण छान आहे.' 'अमेली' पाहून बाहेर पडताना आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दिलेला हा अभिप्राय. त्यातल्या 'पण' या शब्दाशी आमचे भांडण आहे. हा सबंध लेख त्या एका उभयान्वयी अव्ययावर लिहिला आहे, असे म्हटले तरी चालेल.

आम्ही दोघे नगर जिल्ह्यात मराठी शिकवतो. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, जिभेवरचे 'नगर' अजून जायला तयार नाही.) एम.ए.च्या विद्यार्थ्यांना अधूनमधून एखादा परभाषिक चित्रपट दाखवावा, असा आमचा प्रघात आहे. त्यानुसार एका शनिवारी खिडक्यांना सतरंज्या टांगून, भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पाडून आम्ही ज्याँ-पिएर ज्यने या दिग्दर्शकाचा २००१ सालचा हा फ्रेंच चित्रपट लावला. खाली धावणारी इंग्रजी वाक्ये वाचताना मुलांची दमछाक होईल, अशी धास्ती होती. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांतच हशा सुरू झाला आणि शेवटच्या दहा मिनिटांत वर्ग गप्प झाला. सोमवारी प्राध्यापक-कक्षात मात्र आमची झडती घेण्यात आली. आक्षेप तीन होते. एक, हे हलकेफुलके आहे. दोन, हे पलायनवादी आहे. तीन, दुष्काळ आणि साखर कारखाने यांच्यामध्ये वाढलेल्या आपल्या मुलांचा पॅरिसमधल्या एका लाडावलेल्या मुलीच्या चाळ्यांशी संबंध काय?

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे कथानक. अमेली पुलँ ही माँमार्त्रमधल्या एका कॅफेत वाढपीण म्हणून काम करणारी तरुणी. राजकन्या डायना गेल्याची बातमी ऐकताना तिच्या हातून अत्तराच्या बाटलीचे झाकण निसटते, ते भिंतीच्या तळाशी आपटून एक फरशी सुटते आणि आत चाळीसेक वर्षांपूर्वी कुणा मुलाने लपवलेली पत्र्याची डबी सापडते. ती डबी तिच्या मालकाकडे गुपचूप पोहोचवायची आणि त्याला आनंद झाला तर यापुढे लोकांच्या आयुष्यात असेच दखल द्यायचे, असे ती ठरवते. मग बागेतला बुटका पुतळा जगप्रवासाला जातो आणि ठिकठिकाणचे फोटो तिच्या घरकोंबड्या वडिलांना पोहोचतात. नवऱ्याने टाकलेल्या शेजारणीला, पूर्वी हरवलेले असावे असे वाटणारे त्याचे प्रेमपत्र मिळते. ते अमेलीने जुन्या पत्रांचे तुकडे जुळवून रचलेले असते. दुसऱ्यांच्या प्रेमाची अशी सोय लावणारी ही मुलगी स्वतःला आवडलेल्या निनोसमोर उभी राहू शकत नाही. तो कॅफेत येऊन 'फोटोतली ती तूच का?' असे विचारतो, तेव्हा ती मानेने नकार देते आणि तो बाहेर पडताच अक्षरशः पाणी होऊन फरशीवर सांडते.

गोड आहे. आमच्यापैकी एकाला पहिल्या वेळी तो अति गोडच वाटला होता, हे इथे कबूल केले पाहिजे. हिरव्या-तांबड्या रंगांत बुडवलेली प्रत्येक चौकट, यान तिएर्सेनचे अ‍ॅकॉर्डियन, सगळ्या पात्रांच्या आवडीनिवडी सांगत सुटलेला निवेदक. 'दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात यावे आणि त्यात चिवडाच नसावा,' असे तेव्हा त्याचे मत होते. ते बदलले त्या शनिवारी आणि एका विद्यार्थिनीमुळे. पाथर्डीकडची ही मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. चर्चेच्या शेवटी ती म्हणाली, "सर, सगळे त्या पुतळ्याचं बोलताहेत. मला तो सुरुवातीचा स्टेथोस्कोपच आठवतोय."

तो प्रसंग असा. अमेलीचे वडील डॉक्टर. लेकीला ते कधी जवळ घेत नाहीत. महिन्यातून एकदा तपासतात, तेवढाच त्यांचा स्पर्श. त्या स्पर्शाच्या अपूर्वाईने पोरीचे काळीज धडधडू लागते आणि ती धडधड ऐकून वडील निदान करतात, की मुलीला हृदयविकार आहे. म्हणून शाळा बंद, सवंगडी बंद. शिक्षण घरीच, आईकडून. पुढे आईही जाते, तीही नोत्र-दामवरून जीव द्यायला उडी टाकलेल्या एका परक्या बाईच्या अंगाखाली चिरडून. प्रेक्षक हसतो, कारण सांगण्याची पद्धत हसवणारी आहे. सांगितले जाते ते मात्र असे, की बापाच्या हाताला आसुसलेले मूल आजारी ठरवले गेले. ती मुलगी पुढे म्हणाली, "आमच्याकडं हे घरोघर आहे. फक्त आमचे वडील डॉक्टर नाहीत." वर्ग हसला आणि मग एकदम हसायचा थांबला.

तेव्हापासून आम्ही हा चित्रपट स्पर्शाविषयीचा चित्रपट म्हणून पाहतो. त्यातल्या प्रत्येक गमतीच्या तळाशी कुणीतरी कुणाला हात लावू शकत नाही, अशी एक जागा आहे. शेजारचा द्युफायेल जन्मतः काचेसारखी हाडे घेऊन आलेला. धक्का लागू नये म्हणून त्याचे सारे घर मऊ गाद्यांनी मढवलेले. वीस वर्षे तो घराबाहेर पडलेला नाही आणि दरवर्षी रेन्वारच्या एकाच चित्राची, नदीकाठच्या नौकाविहारी मंडळींच्या जेवणाची, एक नक्कल करतो. त्या गर्दीतली पाण्याचा पेला धरलेली मुलगी त्याला अजून साधलेली नाही. ती सगळ्यांच्या मध्ये आहे आणि कुणाच्याच जवळ नाही. निनो स्वयंचलित फोटोयंत्रांखाली लोकांनी फाडून टाकलेले स्वतःचे फोटो गोळा करून वहीत चिकटवतो, म्हणजे माणसे ओळखीची नसताना त्यांचे चेहरे सांधतो. आणि अमेली? ती सगळ्यांना लांबून हात लावते. तिची प्रत्येक युक्ती म्हणजे न शिवता शिवण्याचा एक प्रकार आहे.

आता 'लहर' या शब्दाकडे येऊ. मराठीत आपण 'लहरी' हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरात वापरतो. लहरी राजा, लहरी पाऊस, लहरी नवरा. 'आली लहर, केला कहर' ही म्हण तर लहरीवर गुन्हाच नोंदवते. समीक्षेच्या परिभाषेत विनोद आहे, उपहास आहे, उपरोध आहे, विडंबन आहे, चमत्कृती आहे. पण जिचे कारण वरवर सापडत नाही अशी, जगाशी खेळत खेळत जवळ जाणारी जी वृत्ती, तिला नाव नाही. नाव नसले की ती दिसत नाही, आणि दिसली की आपण तिला 'हलकीफुलकी' म्हणून बाजूला सारतो. वास्तविक याच शब्दाला आपल्या भाषेत एक गंभीर अर्थही आहे. सर्पदंश झालेल्याच्या अंगात विषाच्या लहरी येतात, असे आपण म्हणतो. लहर येते तेव्हा आत काहीतरी चढत असते, हे भाषेला ठाऊक आहे. तिच्या प्राध्यापकांना नाही.

'आपल्या मातीशी संबंध काय' या आक्षेपाला उत्तर द्यायला आम्हाला पॅरिसहून परत यायला फार वेळ लागत नाही. कारण ज्या गावात हा आक्षेप घेतला गेला, त्याच्या आसपासच मराठीतले लहरीचे सर्वांत मोठे पुस्तक जगले गेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या संसाराचा मोठा भाग नगर आणि राहुरीत गेला. बालकवी ठोमरे ज्या घरात राहून गेले ते हे नगरचे घर. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली आणि तेव्हापासून मराठीचा प्रत्येक शिक्षक तिचे गुणगान करत आला आहे. पण आम्ही तिच्यावर प्रश्न काय काढतो? 'धर्मांतराच्या काळातील स्त्रीची घुसमट', 'तत्कालीन समाजजीवनाचे दर्शन', 'लक्ष्मीबाईंची सोशिकता'. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आम्ही तपासलेले आहेत. त्यांत पानोपानी सोशिकता असते. ते पुस्तक वाचताना माणूस मोठ्याने हसतो, ही साधी नोंद आम्हाला आजवर एकाही उत्तरपत्रिकेत आढळलेली नाही. विद्यार्थी हसले नसतील असे नाही. हसण्याला गुण मिळत नाहीत, हे ते शिकले आहेत आणि ते आम्हीच शिकवले आहे.

'स्मृतिचित्रे'च्या आरंभी काय आहे, ते आठवून पाहा. लक्ष्मीबाईंचे वडील. १८५७च्या बंडानंतर कुटुंबावर ओढवलेल्या आघातातून त्यांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरलेले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, मुलांनी कुणाला शिवायचे नाही. लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा आपल्याला हसू आवरत नाही आणि त्याच वेळी त्या घरातल्या मुलांची भीती आपल्याला चाटून जाते. एका बाजूला नाशिकजवळचे जलालपूर, एकोणिसावे शतक. दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातले पॅरिसचे उपनगर. दोन्ही घरांत बाप घाबरलेला आहे आणि त्याच्या भीतीची किंमत मुलगी मोजते आहे. दोन्हीकडे स्पर्शाला बंदी आहे. आणि दोन्ही मुली मोठ्या होऊन जगाकडे रडत न पाहता एका तिरक्या, खेळकर डोळ्याने पाहतात. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तर पुढे नवराही असा आला, की तो कधी कुठे निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि शिवाशिवीचा जुना प्रश्न थेट नवराबायकोच्या मध्ये येऊन उभा राहिला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या त्याच्याजवळ गेल्या, आणखी काही काळाने स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ही सगळी वाट त्या ज्या हसऱ्या गद्यात सांगतात, ते गद्य दुःखावर शिंपडलेले गुलाबपाणी आहे असे आम्हाला वाटत नाही. भीतीतून बाहेर पडण्याचे ते त्यांचे साधन होते. 'सोशिकता' म्हणून आपण त्यांच्या हातातले साधनच काढून घेतो.

बोलपटाच्या पहिल्या दशकात मराठी माणसाला ही गोष्ट कळत होती. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला 'ब्रह्मचारी' १९३८ सालचा. त्यातला औदुंबर एका व्याख्यानाने भारावून आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो, भिंतीवरच्या नट्यांची चित्रे काढून टाकतो आणि स्त्रीच्या सावलीपासून पळू लागतो. मग किशोरी येते. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावर तेव्हा जी बोंब झाली, तिच्याखाली चित्रपटातली खरी गंमत दबून गेली, आणि आजही लोक पोशाखच आठवतात. औदुंबराचे व्रत हे प्रेमाच्या भीतीला घातलेले भारदस्त नाव आहे, हे अत्र्यांनी ओळखले होते. अमेलीचे परोपकाराचे व्रत याच जातीचे आहे. दुसऱ्यांचे भले करण्यात ती इतकी गढून जाते, की स्वतःच्या दारावरची थाप ऐकायला नको. चित्रपट तिला या व्रताबद्दल शाबासकी देऊन थांबत नाही. द्युफायेलच्या तोंडून तो तिला शेवटी जवळजवळ दरडावतो, की तुझी हाडे काही काचेची नाहीत. लहर म्हणजे जगण्यापासून पळ, असा ज्यांचा आरोप आहे, त्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावे. पलायनाविषयी इतके स्पष्ट बोलणारा चित्रपट पलायनवादी कसा?

तरीही पलायनवादाच्या आरोपात एक खरा अंश आहे, आणि तो आमच्या सहकाऱ्यांपेक्षा फ्रेंचांनीच अधिक धारदारपणे मांडला आहे. सर्ज कागान्स्की या समीक्षकाने २००१ सालीच 'लिबेरासियों' या दैनिकात या चित्रपटावर हल्ला चढवला. त्याचा मुद्दा असा, की ज्यनेने पॅरिस घासूनपुसून घेतले आणि त्या धुण्यात शहरातली परकी, वेगळ्या रंगाची माणसेही धुऊन निघाली. हे खोटे नाही. माँमार्त्रच्या त्या स्वच्छ गल्ल्यांत ठळक अपवाद एकच, भाजीवाल्याकडे राबणारा ल्युसियाँ. ती भूमिका करणारा झामेल देबूझ मोरोक्कन वंशाचा. मालक कोलिन्यों त्याचा चारचौघांत पाणउतारा करतो. अमेली सूड घेते तोही लहरीने. मालकाच्या घरात चोरून शिरते, चपला बदलून त्यांच्या जागी लहान मापाच्या ठेवते, दात घासायच्या पेस्टच्या जागी पायाला लावायचे मलम ठेवते. आम्ही हसलो. पण चपलांचे माप बदलले, मालक तोच राहिला. ल्युसियाँच्या बाजूने उघडपणे बोलायची वेळ येते तेव्हा अमेलीची लहर फारशी कामाला येत नाही. चित्रपटाला हे पुरते उमगलेले नाही, आणि त्याच्या गोडपणाबद्दलची आमची उरलेली तक्रार हीच आहे.

पण या तक्रारीवरून 'म्हणून लहर नको' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना आम्ही पुन्हा नगरला बोलावतो. नागराज मंजुळे नगरमध्ये जनसंज्ञापन शिकले. २०१३ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या 'फँड्री'चे कथेतले गाव अकोळनेर, म्हणजे नगरच्या कुशीतलेच. 'फँड्री'वर आजवर जे लिहिले आणि बोलले गेले, त्यातले बहुतेक शेवटच्या भिरकावलेल्या दगडावर आहे. ते योग्यच आहे. पण तो दगड हातात येईपर्यंत जब्या काय करत असतो? तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडत असतो. ती मारून, जाळून, तिची राख शालूवर टाकली की शालू आपली होईल, असा त्याचा विश्वास. बेचकी घेऊन झाडाझुडपांत दबा धरून बसलेला तो पोरगा ही मराठी चित्रपटाने घडवलेली सर्वांत सुंदर लहर आहे. आणि तिचे मूळ पुन्हा स्पर्शातच आहे. डुकराच्या नुसत्या स्पर्शाने जिथे विटाळ होतो, त्या गावात डुकरे धरणाऱ्याच्या मुलाने वर्गातल्या मुलीला हात कसा लावावा? बोलावे तरी कसे? म्हणून राख. हाताऐवजी राख.

आता अमेली आणि जब्या शेजारी ठेवा. अमेलीची वाट अडवणारे दार तिने स्वतः आतून लावलेले आहे. कडी काढली की निनो समोर उभा असतो. जब्याच्या वाटेतली भिंत गावाने बांधलेली आहे आणि चिमणीच्या राखेने ती हलत नाही. लहरीचे बळ आणि लहरीची मर्यादा या दोन चित्रपटांत जितकी स्वच्छ दिसते, तितकी कुठल्याही पाठ्यपुस्तकात आम्हाला दाखवता येणार नाही. पण हे दाखवायचे तर आधी जब्याची चिमणी गंभीरपणे घ्यायला हवी. आम्ही ती घेत नाही. 'बालसुलभ भावविश्व' असे दोन शब्द फळ्यावर लिहितो आणि घाईने दगडाकडे वळतो, कारण दगडावर प्रश्न येतो. असे केल्याने दगडाचाही अर्थ उणावतो, हे आमच्या ध्यानात येत नाही. ज्याची लहर आपण पाहिली नाही, त्याचा संताप आपल्याला कितीसा कळणार? त्या हातातून काय हिसकावले गेले, हे ठाऊक असेल तरच त्यात दगड का आला, ते समजते.

आमच्या पिढीच्या मराठी शिक्षकांची घडण साठोत्तरी साहित्याच्या आणि ग्रामीण-दलित साहित्याच्या वाचनातून झाली. तिचे ऋण आम्ही नाकारत नाही. तिच्याविना आम्ही वर्गात उभे राहू शकलो नसतो. मात्र त्या साहित्याकडून आम्ही दाहकता उचलली आणि दाहकतेलाच गांभीर्याची एकमेव खूण करून टाकली. दुःख थेट सांगितले तर ते खरे. तिरके, खेळत, लपतछपत सांगितले तर ते करमणूक. ही फूटपट्टी त्या लेखकांनी आम्हाला दिलेली नव्हती. प्रश्नपत्रिकेच्या सोयीसाठी आम्हीच ती कापून घेतली आहे. तिच्यामुळे आमचे विद्यार्थी दोन वह्या ठेवू लागले आहेत. एक परीक्षेची, तिच्यात ते 'घुसमट', 'विदारक', 'जळजळीत' लिहितात. दुसरी मनातली, तिच्यात स्टेथोस्कोप असतो. त्या पाथर्डीच्या मुलीने दुसरी वही पाचेक मिनिटांपुरती उघडली, तीही काळोख होता म्हणून.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. 'हलकेफुलके' हा शब्द किमान मराठी विभागांनी मूल्यमापनासाठी वापरू नये. गोडपणा फसवा असेल तर तो कुठे फसवतो ते दाखवावे, जसे कागान्स्कीने दाखवले. पण कृती खेळकर आहे एवढ्या कारणासाठी तिला 'पण' लावून दुसऱ्या रांगेत बसवू नये. तसे करताना आपण पॅरिसच्या अमेलीचे काही बिघडवत नाही; लक्ष्मीबाईंचे हसू, औदुंबराची धांदल आणि जब्याची चिमणी मात्र आपल्याच मुलांपासून दूर ठेवतो.

येत्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेसाठी आम्ही दोघांनी एक प्रश्न काढला आहे: "'स्मृतिचित्रे' वाचताना तुम्ही कुठे हसलात आणि हसू केव्हा थांबले, ते सकारण लिहा." विभागाच्या बैठकीत तो ठेवला तेव्हा आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्मा काढून विचारले, "याचे आदर्श उत्तर काय असेल?" नाही, असे आम्ही सांगितले. प्रश्न सध्या विचाराधीन आहे.